अठराव्या दिवशी वाजलेली सिमसिमिया

आमच्या सुवेझच्या गल्लीत कुणाचं माणूस गेलं की चाळीस दिवस शेजारीपाजारी रेडिओसुद्धा लावत नाहीत. ठरलेलं लग्न असलं तरी पुढे ढकलतात. मात्र सुतकाच्या घरातूनच आधी गाण्याबजावण्याचा आवाज आला, तर ती परवानगी समजायची. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पन्नाशीचा घोडा मी, पंचवीस वर्षं याच गल्लीतल्या लग्नांत सिमसिमिया वाजवतोय. तरी माती खाल्ली.

माझा थोरला भाऊ अवद गेला. दफन करताना माझ्या डोळ्यांतून टिपूस निघालं नाही, आल्यागेल्याला बिनसाखरेची कॉफी देतानाही नाही. लोक म्हणाले, शुक्री धीराचा माणूस. डोंबलाचा धीर. मला लहानपणापासून रडताच येत नाही. आत काय साचेल ते सिमसिमियाच्या त्या पाच तारांवर काढायचं, एवढंच येतं.

अठराव्या दिवशी दुपारी इन्साफवहिनीचा डोळा लागला होता. मी माझ्या खोलीचं दार लावलं, खिडकी लावली आणि हळूच वाजवू म्हणून बसलो. अवदच्या आवडीची कोळ्यांची चाल घेतली. ती नेमकी नाचाची, पण त्याला तीच आवडायची, त्याला मी काय करू? हळूच वाजवणं कुठल्या कुठे राहिलं. हात सुटले आणि मी लहान मुलासारखा हमसून रडलो. बाहेर रडणं ऐकू गेलं नाही. गल्लीला ऐकू आली ती फक्त नाचाची चाल.

समोरच्या घरातून बायकांची आनंदाची किलकारी उठली तेव्हा मी भानावर आलो. तिथल्या हाज्जा फिक्रियाच्या मुलीचं लग्न आमच्यासाठी थांबलं होतं, आणि नवरामुलगा महिनाअखेर जहाजावर जायचा होता. मी तोंड पुसून बाहेर येतो तो फिक्रिया बसबुशा मिठाईचं ताट घेऊन दारात हजर.

"देव तुमचं भलं करो, इन्साफ," ती वहिनीला म्हणाली. "मी तर तोंड उघडणारच नव्हते. पण वाजलेलं ऐकलं आणि पोरगी नाचायलाच लागली बघ. तूच सांगितलंस ना त्याला वाजवायला?"

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. काळे कपडे, उशीचे वळ उमटलेला गाल. एका वाक्याचं काम होतं. मी म्हणायचं, हाज्जा, वहिनीला काही माहीत नाही, मी रडत होतो. पण पन्नाशीचा पुरुष नाचाची चाल वाजवत रडत होता, हे सांगायची मला लाज वाटली. मी चपलांकडे बघत उभा राहिलो.

"हो, मीच सांगितलं," वहिनी म्हणाली आणि तिने ताट घेतलं.

"मग गुरुवारी शुक्रीच वाजवणार."

"वाजवेल की."

फिक्रिया गेल्यावर मी म्हटलं, "वहिनी, मी जाऊन खरं सांगतो."

"आता नको. पोरीच्या तोंडचा घास काढू नकोस." तिने ताट झाकून ठेवलं. "मघाशी बोलला असतास तर बरं झालं असतं."

गुरुवारी मांडवात तारा जुळवत होतो. मागच्या बाकावर दोघी बोलत होत्या, मला ऐकू जाईल इतपत मोठ्याने.

"अठरा दिवसांत नवरा विसरली बघ."

"आणि दिराला वाजवायला बसवलं. घाई कसली झालीय, देव जाणे."

मला वळता आलं असतं. गल्ली सगळी तिथेच होती, एकदाच सांगून टाकता आलं असतं. मी खुंटी पिळत राहिलो, तार केव्हाच लागली होती तरी. मग नवरीकडच्या पोरांनी टाळ्यांचा ठेका धरला, "चाचा, तीच त्या दिवशीची," आणि मी तीच चाल वाजवली. रात्री सगळे म्हणाले, शुक्रीने इतकं छान आजवर कधी वाजवलं नव्हतं.