जिन्याखालचं यंत्र

पडद्यावरच्या रेघेवरचं हे बारीक टेंगूळ आईचं नव्हतं... आईचं पाऊल एक जड, एक हलकं — उजवा गुडघा दुखतो ना — ते लेकीला झोपेतही ओळखता आलं असतं. पण त्याच्या मागोमाग येणारं, सावकाश, सारख्या वजनाचं हे दुसरं पाऊल कुणाचं?

भूकंपाची आगाऊ सूचना देणाऱ्या केंद्रात तिचं काम तसं उफराटं. धक्के यंत्रं शोधतात. तिनं शोधायची ती माणसांची पावलं, दारांची आदळआपट, आणि त्यांवर खूण करायची, म्हणजे यंत्र भलत्याच थरथरीला भिऊन शहरभर भोंगे वाजवत नाही. यातलं एक यंत्र तिनंच आईच्या जिन्याखाली बसवलं होतं. आई एकटी असते, तिच्या घराइतकी शांत जागा कुठली, असं साहेबांना पटवून.

दोन्ही पावलं जिन्यावरून लांब गेली, विरली. मग काहीच नाही, बराच वेळ... चोर एवढा निवांत बसत नाही.

शेजारच्या टेबलावर नुकसानीचा अंदाज काढतात. तिथल्या नकाशात आईचं घर लाल — मोठ्या धक्क्यात सगळ्यात आधी कोसळणाऱ्यांतलं. म्हणून तर आज संध्याकाळी आईला कायमचं घेऊन यायचं ठरलं होतं. खोलीसुद्धा रिकामी करून ठेवली होती. आई नाही म्हणाली की, इथे तुझं आहे कोण, असं विचारायचं.

तिनं फोन लावला.

"काय करतेयस?"

"काय करणार? बसलेय."

"कोणी आलंय का?"



"माझ्याकडे कोण येतंय बाई? घर नुसतं खायला उठतं."

पण हा आवाज... हा तर माझा आवाज. कॉलेजात असताना 'मैत्रिणीकडेच आहे गं' म्हणणारा, हसू ओठांत दाबलेला. तेव्हा आईला कळत असणार. तीही काही बोलली नव्हती.

फोन ठेवल्यावर तिला राग यायला हवा होता. आला नाही. थोडा हेवा वाटला, आणि मग तो नकाशा आठवला — त्या लाल घरात आता दोघं बसली होती, आणि त्यांना उठवायचं कोणत्या तोंडानं? असेल तरी कोण... उंच? चष्मा असेल? पडद्यावर दोन्ही पावलं पुन्हा उमटली, या वेळी बरोबरीनं, आणि ती खूण करायची विसरून पाहत राहिली.

संध्याकाळी जायचं तर होतंच. पण आधी कळवून जावं का — आईकडे जाताना हा प्रश्न तिला आयुष्यात पहिल्यांदाच पडला.