हेल्मेटचा खटका

"माझ्या हेल्मेटला हात कोणी लावला?" उंबरा ओलांडायच्या आत हे ओरडले. डोळ्यांतून पाणी, नाक लालबुंद.

"कोणीच नाही लावला," मी म्हणाले. "यंदा कोणीच नाही."

हे विजेच्या मीटरचं रीडिंग घेत दिवसभर मोटारसायकलवर फिरतात. पाच वर्षांपूर्वी हेल्मेट माझ्या हातून पडलं आणि कपाळावरच्या हवेच्या झडपेचा खटका तुटला. यांच्या नाकावर राग, सांगणार कोण? मी गुपचूप केसांतला आकडा घालून झडप सरकवायला लागले. थंडी पडली की बंद, ऊन तापलं की सताड उघडी. आणि हे ऑफिसात फुशारक्या मारायचे, "हेल्मेट घ्यावं तर असं! ना घाम, ना गारठा. खटक्याला हातसुद्धा लावावा लागत नाही." मी मूग गिळून गप्प बसायचे. खरं सांगू, मला ते आवडायचंसुद्धा.

मग गेल्या महिन्यात माझ्या भावासमोर, भरल्या घरात हे म्हणाले, "ही दिवसभर करते काय? काही नाही." भाऊ खाली बघत राहिला. त्याच दिवशी मी ठरवलं, बरं तर, काही नाही म्हणजे काही नाही.

"झडप उघडी आहे," हे आता म्हणाले. "कपाळ बधिर झालं माझं. आणि खटका कुठाय?"

"पाच वर्षं झाली तुटून."

"मग इतकी वर्षं..." पुढचं गिळलं. माणूस मठ्ठ नाही, हेकट आहे.

संध्याकाळभर हेल्मेट मांडीवर घेऊन झडप नखाने सरकवायला बघत होते. नख तुटलं. दोनदा स्वयंपाकघरात आले, पाणी प्यायले, परत गेले. ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय जुनीच. मी आकडा मुठीत धरून ओट्याशी उभी होते. यांनी नुसतं "कसं करायचीस गं?" म्हटलं असतं, तरी मी धावले असते. मला माझीच चीड येते ती यासाठी.

सकाळी पाहिलं तर झडपेवर काळी चिकटपट्टी. वायरला गुंडाळतात ती, चांगली चार पदरी. "झालं काम," भिंतीला सांगावं तसं हे म्हणाले आणि गेले.

उन्हाळ्यात ती पट्टी निघायची नाही. निघाली तर रंगासकट निघेल. मी आकडा केसांत खोचला आणि भांडी घासायला घेतली.