वीतभर

घंटीवर बोट टेकायच्या आधीच दार उघडलं. दारात आई होती. थोरल्याचं बोट तसंच हवेत राहिलं, आणि आता ते कुठे ठेवावं हे न सुचून त्याने खांद्यावरच्या पिशवीचा पट्टा उगाचच सारखा केला.

आईने त्याच्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं आणि आत वळून हाक दिली,

“अगं, तुझ्याकडे कोणीतरी आलंय.”

हे ‘कोणीतरी’ म्हणजे तिचंच पहिलं मूल होतं. नाकाडोळ्यांत तिच्यावर गेलेलं, आणि हट्टात तर नको तेवढं. वर्ष उलटून गेलं होतं, दोघांनी एकमेकांशी अवाक्षर काढलं नव्हतं. आधी दुसऱ्याने बोलावं म्हणून दोघंही थांबले होते, आणि थांबण्यात दोघांचाही हात धरणारं कोणी नव्हतं.

धाकटी आतून धावत आली.

“आलास बाबा एकदाचा! माझा जीव जायचाच बाकी राहिलाय.”

“मी येणार हे आईला सांगितलं होतंस?” त्याने आवाज खाली आणून विचारलं.

“छे! वेड लागलंय का मला? सकाळपासून घर डोक्यावर घेतलं असतं तिने.”

मग दार कसं उघडलं, हे त्याच्या ओठांवर आलं होतं. पण धाकटीने त्याला हाताला धरून ओढतच आत नेलं.

धाकटी व्हिडिओ करायची. सिनेमाचे वगैरे नाहीत; कपडे धुण्याचं यंत्र कसं जोडावं, त्याची जाळी कशी साफ करावी, पंप चालू होत नसेल तर आधी काय तपासावं, असले. आता एका कंपनीचं मोठं काम मिळालं होतं आणि सोमवारी ते हातावेगळं करायचं होतं. चित्रण सगळं बाहेरच्या खोलीतल्या पेटीत होतं. ही पेटी थोरल्याने एका जुन्या कॉम्प्युटरची बनवलेली होती. घरातल्या सगळ्या फायली तिच्यात राहायच्या आणि आतल्या खोलीतून धाकटी वायरीवरून त्या ओढून घ्यायची. आता त्या येता येत नव्हत्या.

“एक फाईल लावली की भांडी घासून होतात, कपडे वाळत पडतात, तरी हिची रेघ आपली अर्ध्यावरच.”

“कधीपासून?”

“तू गेल्यावर थोड्याच दिवसांनी सुरू झालं. तेव्हा कामं लहान होती, चालवून घेतलं.”

“तेव्हा काय बदललं घरात?”

वायरी टाकणं, जोडणं, बिघडल्या की शोधणं हेच थोरल्याच्या पोटाचं काम होतं, आणि कुठल्याही कचेरीत गेला की हा त्याचा पहिला प्रश्न असे. लोक नेहमी काही नाही म्हणत, आणि नेहमी काहीतरी निघत असे.

“काही नाही,” धाकटी म्हणाली. “तू नव्हतास, एवढंच.”

त्याने पिशवीची चेन उघडली आणि आत नसलेलं काहीतरी बराच वेळ शोधलं.

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. “विचार त्याला, तो डबा भंगारात घालायचा का म्हणून. त्याच्या ओळखीचा माणूस असेलच.”

धाकटीने डोळे मिटून घेतले. हा टोला कुठला, हे तिघांनाही ठाऊक होतं. पेटी आज जिथे लुकलुकत होती, तिथे आधी बाबांचं टेबल होतं. बाबा शिलाई मशिनं दुरुस्त करायचे. ते गेल्यावरही टेबलावर त्यांची हत्यारं तशीच पडून होती आणि त्या कोपऱ्याला तेलाचा वास होता. आई मावशीकडे गेली असताना थोरल्याने एका सकाळी भंगारवाल्याला बोलावून सगळं रिकामं केलं, भिंत पुसली आणि पेटी मांडली. आईला बरं वाटेल, घर मोकळं होईल, असंच त्याला मनापासून वाटलं होतं. आई परत आली, कोपऱ्याकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, “मला कधी देणार भंगारात?” मग शब्दाला शब्द वाढला. घरात श्वास घ्यायला जागा नाही, असं तो म्हणाला. मग जिथे जागा असेल तिथे जाऊन राहा, असं ती म्हणाली. दुसऱ्या कोणी हे रागातलं बोलणं म्हणून सोडून दिलं असतं. त्याने शहराच्या पार दुसऱ्या टोकाला खोली घेतली. तिथे जागाच जागा होती. रिकाम्या भिंतींकडे बघत जेवताना त्याला घराची इतकी आठवण यायची की घास फिरत राहायचा, पण हे तो कोणाला सांगणार होता?

त्याने कामाला हात घातला. आधी पेटीतल्या पेटीतच, एका डिस्कवरून दुसरीवर, एक फाईल उतरवून पाहिली. झटक्यात उतरली. मग धाकटीचा लॅपटॉप बाहेर आणून हातभर वायरीने थेट पेटीला जोडला. फाईल आली म्हणेपर्यंत आलीसुद्धा.

“म्हणजे दोघंही ठणठणीत आहेत,” धाकटी म्हणाली.

“दोघंही ठणठणीत. जे काय आहे ते मधे आहे.”

पेटीशेजारी एक छोटा खोका होता, घरातल्या सगळ्या वायरी त्यात येऊन मिळायच्या. प्रत्येक वायरीपाशी एक बारीक दिवा. सगळं सुरळीत असलं की हिरवा. आतल्या खोलीच्या वायरीचा दिवा नारिंगी होता.

“या वायरीच्या पोटात आठ तारा असतात,” त्याने सांगितलं. “आठही धड असल्या तर सुसाट. एखाददुसरी तुटली तरी बंद पडत नाही, उरलेल्यांवर भागवते. पण दहापट हळू.”

“म्हणजे आपल्या घरासारखंच. बंद नाही, आपलं रडतखडत.”

तो हसला. या घरात हसल्याला किती दिवस झाले, हे त्याच्या मनात आलं आणि हसू लगेच आवरलं.

खोल्या एकामागे एक होत्या. बाहेरची, मग आईची, मग धाकटीची. वायर त्यानेच टाकलेली होती, भिंतीच्या तळाशी चिकटवून, खिडकीच्या बाजूने. तिचा माग काढत तो आईच्या खोलीत शिरला. आई तोवर तिथे येऊन पलंगावर बसली होती आणि उशीच्या अभ्र्याला बटण लावत होती.

“तिला सांग, जरा उठावं लागेल,” तो म्हणाला.

“आई, जरा उठावं लागेल,” दोघांच्या मधोमध उभ्या धाकटीने निरोप पोचवला.

“कशासाठी ते विचार.”

“वायर पलंगाखालून गेलीय गं.”

आईची सुई थांबली. “पलंग हलवायचाय का?”

हे तिने धाकटीलाही विचारलं नाही आणि थोरल्यालाही नाही. आवाजातली धार एकदम गेली होती. एका हाताने तिने पलंगाची कड धरून ठेवली होती.

“बघतो,” थोरला म्हणाला.

गुडघ्यावर हात ठेवून ती उठली आणि स्वयंपाकघरात गेली. पण तिथून कसलाही आवाज आला नाही.

बॅटरी घेऊन तो पलंगाखाली वाकला. फार शोधावं लागलं नाही. भिंतीकडचा जाड लाकडी पाय बरोबर वायरीवर उभा होता आणि वायर त्याच्याखाली चपटी झाली होती. फरशीवर समोरच्या भिंतीपासून खिडकीपर्यंत दोन लांब ओरखडे होते.

“हा पलंग तिकडे होता ना?”

“अरे हो! मी विसरलेच. तू गेल्यावर तिनेच इकडे घेतला. इकडे वारा येतो म्हणाली.” धाकटीने ओरखड्यांकडे पाहिलं. “मी कामाला गेले होते. येऊन बघते तर हे धूड इथे. एकटीने ओढला, त्या गुडघ्यांनी. आता जिना उतरणंसुद्धा बंद झालंय तिचं, पण ऐकेल तर शपथ.”

खिडकीसमोर शेजारच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीची भिंत होती. त्या बाजूने वारा कधीच येत नसे. लहानपणी तो याच खोलीत झोपायचा, त्याला हे पक्कं माहीत होतं.

वायर उशाकडून ओढून बघावी म्हणून तो पलंगावर बसला, आडवा झाला आणि हात खाली घालून चाचपू लागला. डोकं उशीवर टेकलं तेव्हा त्याला ते दिसलं. टाकीची भिंत आणि पलीकडची इमारत यांच्यामध्ये एक फट होती, आणि त्या फटीत बसचा थांबा होता. वाकलेला पत्रा, फळी निघालेलं बाकडं, सगळंच्या सगळं.

त्याने मान उचलली. थांबा गेला. डोकं वीतभर बाजूला घेतलं, टाकी आडवी आली. परत उशीवर आणलं. थांबा.

त्या बाकड्यावर तो बसला होता. एकदा नाही, बऱ्याचदा. सुट्टीच्या दिवशी शहर ओलांडून यायचा, इथे उतरायचा, गल्लीच्या तोंडाकडे बघत बसायचा. आज जायचंच, असं ठरवायचा. मग पुढची बस यायची आणि तो तिच्यात चढून परत जायचा. तिथून घर दिसत नाही, नुसती टाकी दिसते, हे त्याने पहिल्याच वेळी नीट बघून घेतलं होतं. त्याला वाटलं होतं, कोणाला कळत नाही.

आज घंटीच्या आधी दार का उघडलं, तेही आता कळलं. चोरी पकडल्यासारखे त्याचे कान तापले, आणि हात पलंगाखालीच ठेवून तो नुसता पडून राहिला.

“दादा, झोपलास की काय? चल, दोघं मिळून सरकवू. वीतभर सरकवला तरी पाय वायरीवरून निघेल.”

“नको.”

“अरे, वीतभर!”

“पलंग आहे तिथेच राहू दे. नवी वायर टाकतो. दाराच्या चौकटीवरून, वरच्या वर घेतो.”

“संध्याकाळ होईल त्यात.”

“होऊ दे.”

स्वयंपाकघरात नळ सुटला. पातेलं खळखळलं.

खुर्ची चौकटीपाशी नेऊन तो चढणार, इतक्यात आई आली. तिच्या हातात स्टूल होतं. बुटकं, तेलाने काळं झालेलं. बाबा याच्यावर बसून काम करायचे. भंगाराच्या दिवशी ते शेजाऱ्यांकडे गेलेलं होतं, म्हणून वाचलं होतं.

“खुर्ची डुगडुगते म्हणावं,” ती धाकटीला म्हणाली आणि स्टूल ठेवून निघून गेली.

थोरल्याने आधी पाय पुसले, मग तो स्टुलावर चढला. एकेक खिळा ठोकत त्याने वायर चौकटीवरून, कोपऱ्यातून, पुन्हा चौकटीवरून नेली. खाली धाकटी वायर सोडत होती आणि तोंडाचा पट्टा चालूच होता. टोकं सोलून आठही तारा त्याने रंगांप्रमाणे लावल्या, चिमट्याने दाबल्या. इतक्या निगुतीने तो कुठल्या कचेरीतही काम करत नसे.

खोक्यावरचा दिवा एकदा लुकलुकला आणि हिरवा झाला.

आतल्या खोलीतून धाकटीची किंकाळी आली. “अरे, ही तर पळतेय! दादा, बघ ना, सगळ्या येताहेत!”

चहा झाला. कपबशा पाहुण्यांच्या होत्या, पण साखर त्याची होती, न विचारता घातलेली. त्याने हत्यारं पिशवीत भरली, पिशवी खांद्याला लावली आणि निघताना आईच्या दारात घुटमळला. ती पलंगावर नेहमीच्या जागी उशीला डोकं टेकून पडली होती, तोंड खिडकीकडे.

“आता येईल ती घेऊ नको,” ती म्हणाली. “दारात लोंबकळत असतात माणसं. पुढची रिकामी असते.”

धाकटी आत आपल्या फायली मोजत होती. हे बोलणं पोचवायला मधे कोणीच नव्हतं.

“पुढचीही भरलेली असली तर?” थोरल्याने विचारलं. आवाज त्याला स्वतःलाच ओळखू आला नाही.

“मग तिच्या पुढची.” आईने मान वळवली नाही. “तुला काय, पुढची धरायची सवयच आहे.”

उशीवरून दिसणाऱ्या त्या फटीत बस आली. माणसं उतरली, चढली. बस निघून गेली तशी बाकडं पुन्हा दिसू लागलं, रिकामं.

थोरल्याने पिशवी खाली ठेवली आणि पलंगाच्या कडेला टेकला. जागा पुरत नव्हती. आई वीतभर सरकली.