ठमीचं ठिगळ

उभा जन्म भिंतींच्या भेगा बुजवण्यात घालवलेल्या गवंडीबाबांच्या हातून नातीची पाणगोगलगाय फुटली. टाकीची काच पुसण्यासाठी बाहेर काढलेली ठमी निसटून फरशीवर आपटली आणि तिच्या शंखाला नखाएवढं भोक पडलं. आतलं मऊ अंग दिसू लागलं. सुट्टीत आईबरोबर परगावी जाताना नातीनं ठमीला मोठ्या विश्वासानं त्यांच्या हवाली केलं होतं.

संध्याकाळी तिचा फोन आला. "आजोबा, ठमी कशी आहे?"

"मजेत," बाबा म्हणून गेले.

फोन ठेवला आणि त्यांनी चिमूटभर सिमेंट कालवलं. काडीनं लिंपायला बसणार, तोच बायकोनं हटकलं.

"भिंत आहे का ती? टाकीवाल्या दुकानदाराला विचारा आधी."

दुकानदार हसला. "बाबा, शंख बाहेरून लिंपत नाहीत. तिच्या अंगावर पातळ पडदा असतो, त्यातून चुना पाझरतो आणि काम आतून होतं. अख्खा शंख तिनं असाच बांधलाय. तुम्ही फक्त अंड्याची टरफलं कुटून घाला."

"म्हणजे गवंडी ती आणि मी बिगारी."

"बिगारीच. आणि हात लावायचा नाही."

हात न लावणं बाबांना फार जड गेलं. रोज सकाळी ते चष्मा पुसून टाकीपुढे बसत. काही दिवसांनी भोकावर कांद्याच्या पापुद्र्यासारखं काहीतरी आलं, मग ते पांढुरकं होत घट्ट झालं. ना थापी, ना ओळंबा. बाबा मनातून खूश होते, पण संध्याकाळी फोनवर 'मजेत' म्हणून घाईनं फोन ठेवून देत.

नात परतली ती चपला न काढताच टाकीपाशी गेली. ठिगळाचा रंग जुळला नव्हता.

"हे काय?"

'वाढताना होतं असं' हे उत्तर बाबांनी केव्हाचं तयार ठेवलं होतं.

"माझ्या हातून पडली," ते म्हणाले. "आणि रोज तुझ्याशी खोटं बोललो."

"मग हे कुणी केलं?"

"तिचं तिनंच. मी नुसता माल वाहिला."

नातीनं पाण्यात हात घालून ठिगळावरून बोट फिरवलं. बाबांना मान वर करवेना.

"दुखलं असेल तिला," ती म्हणाली. मग तिनं ठमीला अलगद बाहेर काढलं. "धरा. मी पाणी बदलते."

बाबांनी दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली.