चौतीस टक्के अळू

चार वर्षं वेटिंग लिस्टवर काढल्यावर जर्मनीतल्या एर्लांगेनच्या बागसंस्थेने आम्हाला भाजी लावायला जमिनीचा तुकडा दिला, आणि पहिल्याच वसंतात शेजारच्या ओढ्यात बीव्हर, म्हणजे झाडं कुरतडून पाणी अडवणारा घुशीसारखा मोठा प्राणी, राहायला आला. त्या मेल्याने फांद्या-चिखलाचा बांध घातला आणि माझी मेथी, घेवडा, सगळं घोटाभर पाण्यात कुजलं. मी रडलेच.

बांधाला हात लावायचा नाही, कारण बीव्हरला कायद्याचं संरक्षण. मला कुणाचं आहे ते मी विचारलं नाही. पाणी उतरवा म्हणून निसर्गखात्याकडे आन्ट्राग, म्हणजे रीतसर अर्ज, केला आणि वाट बघत बसले. जूनमध्ये संस्थेचे अध्यक्ष हेर वाल्टर टेप घेऊन आले. नियमाप्रमाणे एक तृतीयांश जागेत खायचं पीक हवं.

"शून्य टक्के," ते म्हणाले. "सप्टेंबरलाही असंच असेल तर बाग सोडावी लागेल."

"पण पाणी दिसतंय ना तुम्हाला?"

"गेनाऊ, अगदी बरोबर. नियमात पाण्याचा उल्लेख नाही."

माझं डोकं फिरलं. घरी येऊन सगळा राग नवऱ्यावर काढला. उल्हास लॅपटॉपमधून मान न काढता म्हणाला, "आमच्या गुहागरला न्हाणीमागच्या सांडपाण्यात अळू माजायचं. अळू लाव ना." लग्नाच्या बारा वर्षांत पहिल्यांदा कामाचं बोलला.

तमिळ दुकानातून अळकुड्या आणून चिखलात खोचल्या. ऑगस्टपर्यंत पानं सुपाएवढी झाली. बीव्हर त्यांना तोंड लावेना, घसा खाजला असेल. तो पाणी राखायचा, मी अळू. छान चाललं होतं आमचं.

तपासणीला दहा दिवस उरले आणि खात्याची गाडी आली. दोघांनी बांधातून जाड पाइप आरपार घातला, तोंडाला पिंजरा, म्हणजे बीव्हरला बुजवता येऊ नये. तीन दिवसांत चिखलाला भेगा पडल्या, पानांनी माना टाकल्या. मी फोन केला.

"अर्ज तुमचाच आहे," खात्यातल्या बाई म्हणाल्या.

"मग आता पाणी परत चढवा."

"ओढा अडवायची माणसाला परवानगी नाही."

"आणि बीव्हरला?"

"त्याला लागत नाही."

झारीने पाणी घालून घालून माझी कंबर गेली. संध्याकाळी ओढ्याकाठी उभी राहून मी त्या बीव्हरला टोचून बोलायचे, एवढ्यात हात टेकलेस का रे म्हणून. मराठीत. तपासणीच्या आदल्या दिवशी जाऊन बघते तर पठ्ठ्याने पाइपच्या पुढे, खालच्या अंगाला, नवा बांध घातलेला. पाणी होतं तिथे परत. मला त्याची दृष्ट काढावीशी वाटली.

हेर वाल्टर गमबूट घालून अळवात शिरले. तीनदा मोजलं. "चौतीस टक्के," म्हणाले आणि चक्क हात मिळवला.

मग आवाज खाली आणून म्हणाले, "एवढ्या पाण्यात तुमची चिकाटी बघून मला फार वाईट वाटतं हो. म्हणून त्या नव्या बांधाविरुद्धचा आन्ट्राग मी सकाळीच पाठवलाय, तुमच्या नावाने. पुढच्या जूनच्या तपासणीआधी पाणी नक्की उतरेल."

मी आभाराचं डांके म्हणाले. दुसरं काय म्हणणार.