ऑर्गनच्या डावीकडची खुर्ची

शनिवारी सकाळी बाबांनी चहा केला, नेहमीप्रमाणे साखर विसरून. लेकीपुढे कप सरकवत ते म्हणाले, "उद्या येतेस चर्चला? एकदा माझ्या खुर्चीवर बस. पानं उलट."

"कुणासाठी? तुमच्या शिंपिणीसाठी?"

"माझी कुठली? देवाची आहे. तुझ्यासारखीच."

"मग देवालाच सांगा पानं उलटायला."

"सांगून पाहिलं. तो म्हणाला, घरात एवढी थोराड मुलगी बसलीय, तिला विचार."

ती हसली नाही. साखरेचा डबा तेवढा त्यांच्याकडे सरकवला.

रविवारी सकाळी बाबा उठलेच नाहीत.

चर्चमधला ऑर्गन त्यांनी तीस वर्षं वाजवला होता. लेकीला सहाव्या वर्षापासून शिकवलं होतं, आणि त्यांच्यानंतर ऑर्गनपुढची बैठक आपलीच, हे तिने कुणालाही न विचारता ठरवून टाकलं होतं. मग ही शिंपीण आली. कोपऱ्यावरच्या दुकानात लोकांच्या पँटी आखूड करून देणारी. कान तयार, पण नोटेशनचं अक्षर येत नव्हतं. बाबांनी तिला ते शिकवलं आणि चार वर्षांपूर्वी एका रविवारी, स्वतःचे दोन्ही हात धड असताना, तिला बैठकीवर बसवून आपण डावीकडच्या खुर्चीवर गेले. पानं उलटायला.

"ख्रिस्ताच्या मागे चालायचं तर पुढची जागा सोडावी लागते," ते घरी म्हणाले. "आणि मला ती फारच आवडायला लागली होती."

लेकीला एवढंच दिसलं की जागा सुटली आणि परकीला गेली.

ती छापखान्यात मुद्रितं तपासायची. दुसऱ्यांच्या चुका काढण्यावर तिचं पोट होतं. दर रविवारी शेवटच्या बाकावर बसून ती शिंपिणीच्या चुका टिपू लागली. पहिल्या वर्षी पुष्कळ मिळाल्या. मग कमी. मग एकही सापडेना, तेव्हा तिने जाणंच बंद केलं.

सोमवारी, अंत्यविधीच्या आधी, शिंपीण तिच्यासमोर येऊन उभी राहिली. "ताई, आज तुम्ही वाजवा. तुमचा हक्क आहे."

हक्क, आणि तोही हिने वाढायचा? "तूच वाजव," लेक म्हणाली. "पानं मी उलटते."

"बघा," आत्या शेजारणीला म्हणाली, "बापाचं मोठं मन लेकीत उतरलंय."

ऑर्गनवर बाबांची वही उघडी होती. शिंपीण हळूच म्हणाली, "काका एक ओळ आधीच उलटायचे. मी पुढचं वाचून ठेवते ना. पेन्सिलीची खूण आहे बघा."

प्रत्येक पानावर, शेवटच्या ओळीच्या आधी, बारीक टिंब होतं. लेकीच्या वहीत त्यांनी असं टिंब कधी केलं नव्हतं.

पहिलं पान नीट उलटलं. दुसऱ्यावर खूण आली. शिंपिणीने मान हलवली. पानाचा कोपरा लेकीच्या चिमटीत होता. तिने तो तसाच धरून ठेवला. खूण गेली, ओळ संपली. सूर अडखळला, गाणारी मंडळी थबकली, कुणीतरी खोकलं. मग तिने पान उलटलं.

विधी आटोपल्यावर आत्याने शिंपिणीला दारातच गाठलं. "आजच्या दिवशी तरी धड वाजवायचंस गं. माझ्या भावाने किती जीव ओतला होता तुझ्यावर."

"चुकलंच माझं, आत्याबाई. डोळे भरून आले, दिसेना."

तिचे डोळे कोरडे होते. लेकीने ते पाहिलं, आणि शिंपिणीने तिला पाहताना पाहिलं. दोघींपैकी कुणाचीच नजर ढळली नाही. चूक दुसरीच्या नावावर छापली गेली होती. तपासणारीने तोंड मिटून घेतलं, तर कायमची तशीच राहणार होती.

"आत्या, ती चुकली नाही. पान मी धरून ठेवलं. मुद्दाम."

"अगं, दुःखात माणसाचं भान..."

"दुःखाने नाही. हेव्याने." तिचा आवाज मोठा झाला, पायरीवरची माणसं वळली. तिने तो खाली आणला नाही. "चार वर्षं जळतेय मी हिच्यावर. ही माझ्यापेक्षा चांगली वाजवते. बाबांना ते कळलं होतं, आणि मलाही."