घायपाताच्या पानांवरचा ठसा

लेकीचं बाळंतपण आटपून आम्ही घरी परतलो आणि चहा घ्यायच्या आधीच मी गच्चीवर गेलो. घायपात जागेवर होतं. मातीची कुंडी तीच, काठाचा तडा तोच, वर पसरलेली खडीही तीच. तरी रोप ओळखीचं वाटेना.

मी जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली. या कामात माणूस संशयी होतो. बरोबर छापलेला शब्दही चारदा पाहिला की चुकीचा दिसू लागतो. त्यामुळे स्वतःच्या डोळ्यांवर माझा फारसा भरवसा नाही. खाली येऊन चहा घेतला.

हे रोप बायकोच्या माहेरचं. तिची आई गेली त्या साली, परसातल्या मोठ्या घायपाताच्या बुडाशी फुटलेलं पिल्लू तिने रुमालात बांधून आणलं होतं. वर्षाला एखाद-दुसरं पान, तेही त्याच्या मनात आलं तर. पुढे ते घर पाडलं, परस गेलं. आईच्या हातचं म्हणून एवढंच उरलं. आमच्यामागे ते सांभाळायला मेहुण्याकडे दिलं होतं. बायकोचा हा धाकटा भाऊ आमच्याच खालच्या खोलीत राहतो. एरवी तोंडाचा पट्टा चालू असतो त्याचा, पण आम्ही आल्यापासून तो मोजकंच बोलत होता.

"घायपात छान ठेवलंस," जेवताना मी खडा टाकून पाहिला.

"ते आपोआपच राहतं, भावोजी. त्याला काय लागतं?" तो ताटाकडे बघत म्हणाला.

"जरा भरल्यासारखं दिसतंय."

"बाळंतिणीकडे राहून आलात, तुम्हाला सगळंच भरलेलं दिसणार," बायको म्हणाली.

मेहुणा गरजेपेक्षा जास्त हसला.

दुसऱ्या दिवशी भिंग घेऊन वर गेलो. घायपाताचं पान कोंबात असताना शेजारच्या पानाला घट्ट चिकटून वाढतं आणि उलगडताना त्याच्या काट्यांचा ठसा अंगावर घेऊन येतं, ओल्या शाईचा मजकूर समोरच्या पानावर उमटावा तसा. आमच्या रोपाचे काटे विरळ, म्हणून ठसाही विरळ. हा ठसा करवतीसारखा दाट होता. खडी सारून बोट खुपसलं. मी भरली होती ती जाडी वाळू आणि विटांचे तुकडे. बोटाला लागला तो मऊ भुसा, रोपवाटिकेत भरतात तसला.

मग मनात नाही नाही ते येऊ लागलं. अशी सावकाश वाढलेली जुनी रोपं हौशी लोक वाटेल ती किंमत देऊन नेतात, हे मी वाचलं होतं. मेहुण्याच्या दारात पूर्वी नसलेली एक सायकल दिसत होती. माझी चाहूल लागली की तो फोन ठेवून द्यायचा. बायकोला सरळ सांगावं असं वाटलं. पण आईचं रोप भावानेच विकलं म्हणायचं, म्हणजे तिच्याकडून आईही काढून घ्यायची आणि भाऊही. आणि माझंच चुकत असलं तर?

बायको बाजारात गेली तेव्हा त्याला गच्चीवर बोलावलं. भांडणं मी नेहमी मनातच केली आहेत, आणि तिथेही हरलो आहे.

"हे ते नाही," मी म्हणालो.

तो कठड्याला टेकला. "कुजलं ते, भावोजी."

"कुजेल कसं? मी सांगून गेलो होतो."

"तुम्हीच म्हणालात, आठवड्याला पाणी दाखव."

"दाखव म्हणजे दाखवल्यासारखं करायचं. दोन घोट."

"आईबरोबर मी गाईंना पाणी दाखवलंय. गाय तोंड वर करेपर्यंत बादली हलवायची नसते. आता हे कुठे तोंड वर करतंय? मी आपला ओततच राहिलो."

अर्थ त्याचाच बरोबर होता. जनावराला पाणी दाखवायचं म्हणजे पोटभर पाजायचं, हे कुठल्याही कोशात सापडेल. मीच तो शब्द भलत्या जागी बसवला होता.

"हात लावला तर पानं हातात आली," तो म्हणाला. "सगळ्या रोपवाटिका पालथ्या घातल्या, तेव्हा हे मिळालं. त्याच्याशी याहून मिळतंजुळतं सापडेल म्हणून अजून फोन चाललेत."

"आणि सायकल?"

"मित्राची. एवढं सगळं पायी हिंडू?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "ताईला सांगू नका. आईचं म्हणून ती त्याच्याशी बोलते. मलाही कधी कधी..."

आई त्याचीही होती, हे माझ्या आत्ता लक्षात येत होतं.

जिन्यात चपला वाजल्या. बायको पिशवीसकट वर आली, कुंडीपुढे उकिडवी बसली आणि एका पानावरून बोट फिरवत राहिली.

"अहो, हे काटे एवढे दाट होते?"

"वय झालं की होतात," मी म्हणालो. "पुस्तकात आहे."

"कुठल्या पुस्तकात?"

"बघावं लागेल."

"तुम्हाला पुस्तकाचं नाव आठवत नाही?" तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग भावाकडे. "दोघं इथे काय करत होतात?"

"गप्पा मारत होतो."

"तुम्ही? गप्पा?" ती गुडघ्यावर हात टेकून उठली. "खाली या. एकेकटे या. आधी हा सांगेल, मग तुम्ही."

मेहुण्याचा चेहरा उतरला. तो पायरीकडे वळला तेव्हा मी त्याचा दंड धरून त्याला मागे ठेवलं आणि पुढे झालो. तिला काय सांगायचं, कुठून सुरुवात करायची, काहीच ठरलं नव्हतं. चूक कुणाची, असं तिने विचारलं तर शब्द माझा होता, एवढंच सांगता येण्यासारखं होतं.